चेसी: एका शब्दाच्या फलकाच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या मोटार मेकॅनिक विभागामागे पत्र्याच्या शेडमध्ये निर्लेखित केलेल्या एका जुन्या जीपची चेसी कित्येक वर्षे पडून आहे. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, एक्सल असे सगळे भाग प्रात्यक्षिकांसाठी केव्हाच काढून घेतलेले आहेत आणि आता उरली आहे ती शिडीसारखी नुसती चौकट. ती स्वच्छ करून, रंगवून कार्यशाळेच्या भिंतीलगत मांडावी आणि तिच्याशेजारी ‘चेसी’ या शब्दाचा अर्थ व उगम सांगणारा मराठी फलक लावावा, अशी कल्पना प्राचार्यांपुढे मांडली. त्यांनी आजच लेखी परवानगी दिली.

कल्पना सुचली ती प्रशिक्षणार्थींच्या दैनंदिन्या तपासताना. एकाच तुकडीत हा शब्द चेसी, चेसिस, चॅसीस, चासी आणि शासी अशा पाच रूपांत लिहिलेला होता. अर्थ विचारला तेव्हा काहींनी ‘गाडीचा सांगाडा’ असे सांगितले, तर काहींनी ‘बॉडी काढल्यावर जे उरते ते’. ही दोन्ही उत्तरे एकच आहेत असे त्यांना वाटत होते, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही तसेच वाटत होते. फलक 26 जानेवारीला लावायचा असे ठरवून कामाला लागलो. दुसऱ्या एखाद्या संस्थेत कोणी असा फलक करू पाहील, त्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

8 जानेवारी

आज चेसी शेडमधून बाहेर काढली. गंज अपेक्षेपेक्षा कमी निघाला, पण चिखल आणि जुने ग्रीस मिळून झालेला थर बोटभर जाड होता. पत्रीने खरवडून, रॉकेलने धुऊन मग वायर ब्रश मारायचा असा क्रम ठरला होता. दुपारी मी कार्यालयात गेलो असताना एका प्रशिक्षणार्थीने काम लवकर उरकावे म्हणून ग्राइंडरला घासणारी चकती लावली आणि उजव्या लाँग मेंबरचा, म्हणजे चौकटीच्या उजव्या लांब दांड्याचा, पुढचा भाग चकचकीत करून ठेवला. नेमका तिथेच चेसी क्रमांक ठोकलेला होता. परत येऊन पाहतो तर शेवटची दोन चिन्हे जवळजवळ सपाट झालेली.

चूक त्याची नव्हे, माझी. क्रमांक कुठे आहे ते आधी शोधून, त्यावर चिकटपट्टी लावून मगच काम सुरू करायला हवे होते. ही गाडी निर्लेखित आहे म्हणून निभावले. चालत्या गाडीचा क्रमांक असा पुसट झाला असता तर हस्तांतरणाच्या वेळी मालकाला मोठा त्रास झाला असता. उरलेला सगळा भाग हातानेच घासला आणि त्यात पूर्ण एक दिवस वाढला.

क्रमांक आणखी झिजण्यापूर्वी त्याचा पेन्सिल प्रिंट घेऊन ठेवला. आरटीओच्या कामासाठी घेतात तसाच: पातळ कागद क्रमांकावर घट्ट धरायचा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवायची. आधी कागद नुसता करडा होतो, मग त्या करड्या रंगातून एकेक अक्षर पांढऱ्या रेषांनी वर येऊ लागते. पुसट झालेल्या दोन चिन्हांपैकी एक तिसऱ्या प्रयत्नात स्पष्ट उमटले, दुसरे अर्धवटच राहिले. हल्लीच्या गाड्यांचा क्रमांक 17 चिन्हांचा असतो आणि एक व शून्य यांच्याशी गफलत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. या जीपवरचा क्रमांक त्या पद्धतीच्या आधीचा आहे, त्यामुळे बराच लहान आहे.

11 जानेवारी

अर्थाचा मजकूर लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. ‘चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा’ असे लिहून समोरच्या शिडीकडे बाण काढावा, एवढाच माझा विचार होता. परंतु आमच्याच अभ्यासक्रमात चेसी म्हणजे बॉडी वगळून उरलेली सगळी गाडी, म्हणजे चौकट, इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्टिअरिंग, ब्रेक आणि चाके, असे शिकवले जाते आणि शिडीसारख्या भागाला ‘फ्रेम’ असे वेगळे नाव दिले जाते. मी स्वतः हेच शिकवतो, आणि कार्यशाळेत मात्र ‘चेसीला तडा गेलाय’ असे म्हणतो, तेव्हा माझ्या मनात फक्त चौकट असते.

संध्याकाळी गावातल्या एका ट्रक बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात जाऊन बसलो. तिथे ‘नवीन चेसी आली’ असे म्हणतात तेव्हा स्वतःच्या इंजिनावर चालत आलेला, कारखान्याच्या फाटकातून आत शिरलेला आख्खा ट्रक अभिप्रेत असतो. त्याला फक्त केबिन आणि हौदा नसतो. पुण्याच्या रस्त्यांवर अशा चेस्या नेणारे चालक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत: तात्पुरत्या बैठकीवर बसलेले, तोंडाला रुमाल बांधलेला, समोर काच नाही, पाठीमागे काही नाही. त्याच कारखान्यातला वेल्डर मात्र ‘चेसी वाकली’ म्हणतो तेव्हा तो दोन लाँग मेंबर आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या क्रॉस मेंबरबद्दलच बोलत असतो. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे ‘चेसीला मार नाही’ अशी ग्वाही देतात, तिथेही हाच अर्थ असतो. म्हणजे एकाच आवारात, एकाच दिवशी, एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि कोणाचाही घोटाळा होत नाही, कारण शेजारचे क्रियापद अर्थ ठरवते. चेसी ‘आली’ की गाडी समजायची, चेसी ‘वाकली’ की चौकट.

कायद्यात पहिला, म्हणजे व्यापक अर्थ आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ‘बॉडी न जोडलेली चेसी’ अंतर्भूत केलेली आहे. त्यामुळे रस्त्यावरून जाणारी ती उघडी चेसी कायद्याच्या दृष्टीने पुरे वाहन ठरते.

फलकावर दोन्ही अर्थ द्यायचे ठरवले. आधी काढलेले रेखाचित्र फाडून टाकावे लागले, कारण त्यात एकच बाण होता. चित्रासाठी दोन दिवस दिले होते ते वाया गेले. कोणी असे चित्र करणार असेल, तर आधी अर्थाचा मजकूर पक्का करावा आणि मग पेन्सिल हातात घ्यावी.

13 जानेवारी

मोटारसायकलचे काय, असा प्रश्न एका मुलाने विचारला. दुचाकीच्या नळीदार चौकटीलाही गॅरेजमध्ये चेसीच म्हणतात. जुन्या चेतक स्कूटरला मात्र वेगळी चौकट नव्हतीच. पोलादी पत्रा दाबून घडवलेली बॉडीच भार पेलत असे आणि तरीही तिच्या कागदपत्रांत चेसी क्रमांक असे. आजच्या बहुतेक मोटारींचेही तेच आहे. शिडी गेली, बॉडी आणि चौकट एक झाली, या रचनेला मोनोकॉक हे नाव मिळाले, पण क्रमांकाचे नाव चेसी क्रमांक हेच राहिले. वस्तू निघून गेल्यावरही तिचे नाव कागदावर टिकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. फलकावर यासाठी एक ओळ राखून ठेवली.

17 जानेवारी

उगमाचा मजकूर आज एका बैठकीत लिहून काढला. शब्द फ्रेंच आहे एवढे माहीत होते. फ्रेंच शब्दकोशात मूळ शब्द शोधला, त्याचा अर्थ ‘शिकार’ असा मिळाला आणि जुन्या काळी शिकारीला नेण्याच्या हलक्या, उघड्या गाडीवरून तिच्या चौकटीला हे नाव पडले असावे, असा मजकूर मी तयार केला. तो वाचायला इतका सोपा आणि पटण्यासारखा झाला होता की दुसऱ्यांदा तपासावा असे वाटलेच नाही. संध्याकाळीच छपाईच्या दुकानात दिला. चार बाय तीन फूट, रंगीत, 960 रुपये.

22 जानेवारी

छापील फलक रद्द.

शहरातल्या महाविद्यालयात फ्रेंच शिकवणाऱ्या एका परिचित बाईंना फलकाचा फोटो पाठवला होता. त्यांचा लगेच फोन आला. ‘सर, तुमच्या ए या अक्षरावरची टोपी कुठे गेली?’ मला काही कळेना. त्यांनी समजावून सांगितले ते असे: फ्रेंचमध्ये एकसारखे दिसणारे दोन शब्द आहेत. ए या अक्षरावर टोपीसारखे चिन्ह नसेल तर ‘शास’ म्हणजे शिकार, आणि टोपी असेल तर ‘शास’ म्हणजे पेटी, विशेषतः संतांचे अवशेष जपून ठेवण्याची पेटी. आपला शब्द या टोपीवाल्या शब्दापासून तयार झाला आहे आणि शिकारीशी त्याचा काही संबंध नाही. मी शोधताना ते चिन्ह टंकलेच नव्हते, म्हणून शब्दकोशाने मला दुसऱ्याच शब्दाकडे नेले.

शिकारीच्या गाडीची गोष्ट तर कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती मी ‘असावे’ या शब्दाच्या आधाराने स्वतःच रचली होती. शब्दाच्या उगमाबद्दल लिहिताना मनात जुळलेली गोष्ट आणि नोंदलेला पुरावा यांत अंतर ठेवले नाही, तर असेच होते. 960 रुपये गेलेच, शिवाय 26 जानेवारीची मुदतही गेली. प्राचार्यांना जाऊन जसे घडले तसे सांगितले. त्यांनी 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, ही नवी तारीख सुचवली. विषय पाहता ती अधिकच योग्य आहे.

29 जानेवारी

बाईंच्या घरी दोन तास बसून शब्दाची साखळी नीट मांडली. इथे कडी न कडी लिहून ठेवतो.

सुरुवात लॅटिनमधल्या ‘काप्सा’ या शब्दापासून होते. काप्सा म्हणजे पेटी, डबा. रोमन लोक गुंडाळी केलेली हस्तलिखिते ज्या नळकांड्यासारख्या पेटीत उभी ठेवत, तिलाही काप्साच म्हणत. या शब्दाच्या मुळाशी ‘कापेरे’ हे क्रियापद आहे, ज्याचा अर्थ धरणे, घेणे. काप्सापासून फ्रेंचमध्ये ‘शास’, म्हणजे पेटी, झाले. मध्ययुगात, बाराव्या-तेराव्या शतकांत, फ्रान्समधल्या लिमोज या गावी तांब्यावर मीनाकारी केलेल्या, उतरत्या छपराच्या लहानशा घरासारख्या दिसणाऱ्या अशा पेट्या मोठ्या संख्येने बनत असत. आपल्याकडे डोळ्यांसमोर आणायचे असेल, तर जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत ठेवले आहेत ती आठवावी. तशा प्रकारच्या पेटीला फ्रेंच माणूस ‘शास’ म्हणेल.

या शब्दाला ‘-इस’ हा प्रत्यय लागला. अनेक सुटे भाग एकत्र येऊन झालेला समूह, असा अर्थ तो प्रत्यय देतो. म्हणून ‘शासी’ म्हणजे पेटीसारखे काही घडवणाऱ्या भागांची जुळणी, चौकट. हे रूप फ्रेंचमध्ये तेराव्या शतकापासून आहे. शेवटचा ‘स’ लिहिला जातो, उच्चारला जात नाही. चित्रकार ज्यावर कॅनव्हास ताणून बसवतात त्या लाकडी चौकटीलाही फ्रेंचमध्ये आजही हाच शब्द आहे.

बाईंनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. शिकार या अर्थाचा ‘शास’ही शेवटी त्याच ‘कापेरे’ क्रियापदाकडे जातो, कारण शिकार म्हणजेही पकडणेच. म्हणजे मी चुकीच्या घरात शिरलो होतो, पण ते घर त्याच भावकीतले होते. याने माझी चूक काही लहान होत नाही; फलकावर जे लिहिले होते ते चूकच होते.

काप्साची इतर लेकरे मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. चष्म्याची केस, औषधाची कॅप्सूल, गाण्यांची कॅसेट आणि दुकानातली कॅश हे चारही शब्द त्याच पेटीतून निघालेले आहेत. कॅश म्हणजे मुळात पैसे नव्हे, तर पैसे ठेवण्याची पेटी. प्रशिक्षणार्थींना उगम समजावून सांगायला लॅटिनपेक्षा या चार शब्दांचा उपयोग जास्त होईल, म्हणून फलकावर त्यांना ठळक जागा दिली.

एका सहकाऱ्यांनी आपला ‘कप्पा’ही काप्सावरूनच आला असेल असे सुचवले. ऐकायला फार आकर्षक वाटले, पण मधली एकही कडी दाखवता येत नव्हती. शिकारीचा अनुभव ताजा होता, तेव्हा तो शब्द घेतला नाही.

3 फेब्रुवारी

रंगकाम: रेड ऑक्साइडचे दोन हात. पहिल्या हातानंतर पुरेसे वाळू न देता दुसरा दिला, त्यामुळे मागच्या क्रॉस मेंबरवर रंग फुगला. तेवढा भाग खरवडून पुन्हा केला.

साखळीचा पुढचा भाग इंग्रजीतला. इंग्रजीत हा शब्द प्रथम येतो तो 1660 च्या दशकात आणि तोही खिडकीची चौकट या अर्थाने. इंग्रज लोकांनी शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा समजून काढून टाकला आणि त्यातून खिडकीच्या सरकत्या चौकटीसाठी ‘सॅश’ हा शब्द बनला. त्यानंतर 1869 च्या सुमारास हा शब्द तोफखान्यात दिसतो: तोफ उडाल्यावर मागे ढकलली जाते, तेव्हा तिचा गाडा ज्या पक्क्या चौकटीवरून मागे-पुढे सरकतो ती चेसी. मोटारीच्या चौकटीला हे नाव इंग्रजीत मिळाल्याची नोंद 1903 ची आहे.

मोटारीसाठी फ्रेंच शब्दच का आला, याचे उत्तर त्या काळात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारी बनवण्यात आणि पळवण्यात फ्रान्स आघाडीवर होता. 1894 मध्ये पॅरिस ते रुआं ही मोटारींची स्पर्धा झाली ती तिथेच. त्यामुळे यंत्राबरोबर शब्दही गेले. आपण ज्याला अस्सल इंग्रजी समजतो तो ‘गॅरेज’ फ्रेंच, ‘शोफर’ही फ्रेंच आणि त्याचा मूळ अर्थ भट्टी पेटती ठेवणारा. सुरुवातीच्या अनेक मोटारींची चौकट लाकडी असे आणि तिला लोखंडी पट्ट्यांनी बळकटी दिलेली असे. खिडकीच्या चौकटीचे नाव तिला लागू होणे तेव्हा अगदी स्वाभाविक होते.

हे लिहीत असताना आपल्या ‘चौकट’ या शब्दाकडे लक्ष गेले. चौ म्हणजे चार आणि कट म्हणजे काष्ठ, अर्थात चार लाकडांची जुळणी. आपली चौकटही मुळात दाराची. एका शब्दाने दारापासून प्रवास केला, दुसऱ्याने खिडकीपासून.

8 फेब्रुवारी

फलकाशेजारी ठेवायला एक वस्तू शोधत होतो. जुन्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवून झाल्यावर ते ज्या लोखंडी चौकटीत आवळतात, तिला ‘चेस’ म्हणतात. हा इंग्रजी शब्द फ्रेंच ‘शास’वरूनच आला आहे; म्हणजे चेस आणि चेसी सख्ख्या बहिणी आहेत. बंद झालेल्या छापखान्यांचे सामान विकणाऱ्याकडून 300 रुपयांना एक आणली. सोमवारी ती निवृत्त खिळाजुळारी असलेल्या आमच्या शेजारच्या काकांना दाखवली. त्यांनी हातात घेतली आणि म्हणाले, ‘अहो सर, ही चेस कुठली? ही गॅली आहे. हिला तळ आहे बघा.’ खरेच होते. गॅली म्हणजे तीन बाजूंना काठ असलेली थाळी. तीत जुळवलेले खिळे नुसते उचलून ठेवतात. चेसला तळ नसतो, चारच बाजू असतात. 300 रुपये वाया गेले. विकणारा परत घेईना.

11 फेब्रुवारी

काका स्वतः बरोबर आले आणि 450 रुपयांना खरी चेस मिळाली. त्यांनी ती कार्यशाळेतल्या सपाट टेबलावर ठेवली, आत काही जुने खिळे मांडले, भोवती लाकडी पट्ट्या भरल्या आणि दोन बाजूंनी पाचरी ठोकल्या. मग दोन्ही हातांनी चेस उचलून उभी धरली. तळ नाही, डिंक नाही, स्क्रू नाही, तरी एकही खिळा पडला नाही. नुसत्या चार बाजूंच्या दाबाने शेकडो सुटी अक्षरे एक होऊन उभी राहिली. मुले पुढे सरकून पाहत होती. ‘कापेरे’ म्हणजे धरणे, हे मी तीन वेळा सांगूनही जे पोहोचले नव्हते, ते त्या वेळी पोहोचले. गाडीची चेसीही हेच करते: इंजिन, चाके, बॉडी आणि माल हे एकमेकांपासून सुटू पाहणारे भाग ती धरून ठेवते.

15 फेब्रुवारी

शेजारच्या गावातल्या, अजूनही बैलगाड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारांकडे गेलो. त्यांच्या अंगणात उलट्या ठेवलेल्या गाडीजवळ बसून नावे लिहून घेतली. चाक, त्याचा तुंबा, आरे आणि धाव, दोन चाकांमधला आख, बैलांच्या मानेवरचे जू, आणि आखावर बसणारा, दोन लांब दांड्यांना आडवी लाकडे जोडून केलेला साटा. लांब दांड्या आणि आडवी लाकडे म्हणजे लाँग मेंबर आणि क्रॉस मेंबर. जीपची शिडी इथे लाकडात समोरच होती.

घरी येऊन नावे तपासताना एक गोष्ट ध्यानात आली. आख आणि आस हे संस्कृत ‘अक्ष’वरून आले, आणि इंग्रजी एक्सल त्याच अक्षाचा दूरचा नातलग आहे. जू हे ‘युग’वरून, आणि इंग्रजी ‘योक’ त्याचाच भाऊबंद. चाक ‘चक्रा’वरून, आणि इंग्रजीतला ‘व्हील’ही त्याच घराण्यातला. चाक, आस आणि जू यांची नावे अशी हजारो वर्षे मागे जाऊन एका जागी भेटतात. चौकटीच्या नावाचे तसे झालेले नाही. तिला प्रत्येक भाषेने आपापल्या घरातली एखादी वस्तू पाहून नाव दिले. फ्रेंचांनी पेटी पाहिली. इटालियन लोक गाडीच्या चौकटीला ‘तेलायो’ म्हणतात आणि तेलायो म्हणजे विणकराचा माग. आपल्या सुताराकडे साटा आहे. मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचे वाटले ते हेच, आणि फलकाचा खालचा तिसरा हिस्सा मी यासाठी मोकळा करून घेतला.

18 फेब्रुवारी

मथळ्यात कोणता शब्द ठेवायचा, यावर विभागात बराच वेळ चर्चा झाली. एक मत ‘सांगाडा’ असे होते. मी त्याला विरोध केला. सांगाडा म्हणजे सगळे झडून गेल्यावर जे मागे राहते ते. आमच्या शेडमधल्या चौकटीला तो शब्द शोभला असता, पण कारखान्यातून नव्याने बाहेर पडणाऱ्या, चालत जाणाऱ्या चेसीला तो कसा लावणार? शिवाय बसच्या बॉडीलाही स्वतःचा लोखंडी सांगाडा असतोच.

दुसरे मत फ्रेंच उच्चाराप्रमाणे ‘शासी’ लिहावे असे. इंग्रजीतही बहुतेक लोक ‘श’च उच्चारतात, पण ‘च’ उच्चारही तिथल्या कोशांत नोंदलेला आहे. मराठी गॅरेजने ‘च’ स्वीकारला आणि ‘स’ टाकला. ‘चेसी’ हे रूप मी आग्रहाने घेतले त्याचे कारण व्याकरणाचे आहे. ते आपल्या ‘गाडी’सारखे चालते: ती गाडी, ती चेसी, गाडीला, चेसीला, गाड्या, चेस्या. ‘चेसिस’चे अनेकवचन मराठी माणूस करतच नाही, तिथे अडखळतो. जो शब्द आपल्या विभक्ती बिनबोभाट घेतो, तो आपला झाला असे मानायला हरकत नाही. अखेर ‘चेसी’ मथळ्यात आणि इतर चार रूपे खाली लहान अक्षरांत, असे ठरले.

24 फेब्रुवारी

या वेळी छपाई नको, हाताने रंगवायचे, म्हणजे चूक झाली तर तेवढीच पुसता येईल, असे ठरवले होते. पत्रा आणि त्याची चौकट यांना 1,350 रुपये पडले, पेंटरकाकांची मजुरी 2,200. तीन दिवस लागले. मजकूर मी टंकून दिला होता, पण त्यात ‘काप्सा’ एका ठिकाणी ‘कापसा’ असे टंकले गेले होते आणि काकांनी ते इमानाने तसेच रंगवले. एका मुलाने लगेच विचारले, ‘सर, चेसी कापसापासून बनायची का?’ रंग ओला होता, थिनरच्या बोळ्याने पुसून दहा मिनिटांत दुरुस्त झाले. छापील फलकावर हीच चूक 960 रुपयांची ठरली असती.

27 फेब्रुवारी

फलक लागला. काळ्या रंगाची चेसी दोन लोखंडी घोड्यांवर, फलक तिच्या डोक्यावर, चेस एका लाकडी खोक्यात काचेखाली आणि 8 जानेवारीचा पेन्सिल प्रिंट तिच्याशेजारी, अर्धवट राहिलेल्या चिन्हासह. खिळाजुळारी काका आणि सुतार दोघांनाही बोलावले होते.

3 मार्च

हिशेब. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर 430 रुपये, रेड ऑक्साइड, काळा रंग व थिनर मिळून 1,180, रद्द झालेला छापील फलक 960, गॅली 300, चेस 450, पत्रा व चौकट 1,350, पेंटर 2,200, प्रवास व झेरॉक्स 540. एकूण 7,410 रुपये, त्यांपैकी 1,260 निव्वळ चुकांपायी गेले. वेळ तीन आठवड्यांऐवजी साडेसात आठवडे. चेसी, शेड आणि मुलांचे श्रम यांचा यात समावेश नाही.

एक दुरुस्ती राहिली आहे. सुतारांनी फलक पूर्ण वाचला आणि साट्यापाशी बोट ठेवून सांगितले, ‘आमच्याकडं साटा, पण नदीपलीकडं साटी म्हणत्यात. तेबी लिवा.’ पेंटरकाका गुरुवारी येणार आहेत.